घोडी खाते : पेठ ते सारंगखेडा

पेठच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्यांची एक लाकडी पेटी होती. धाकटे काका गेल्यानंतर घर आवरताना ती माझ्या वाट्याला आली. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला जुन्या वह्यांचे वेड असणारच, असे घरच्यांनी गृहीत धरले होते आणि ते चुकीचेही नव्हते. आजोबांचे अक्षर मोत्यासारखे. रोजमेळ, खतावणी, उधारी, सगळे काही जागच्या जागी. मीठ, गूळ, रॉकेल, नागली, खुरासणी, हिरडा अशी खाती एकामागून एक उलटत असताना एका पानावर नजर थबकली. वर लिहिले होते, ‘श्री घोडी खाते’.

विक्रम संवत २०२१, म्हणजे इंग्रजी १९६४ सालची ती नोंद. ‘मार्गशीर्ष वद्य २. सारंगखेडा यात्रेत घोडी विकली, नग १. जमा रुपये १४०.’ व्यापाऱ्याच्या वहीत विक्रीची रक्कम विक्रीखाती जायला हवी. येथे मात्र ती निराळे खाते उघडून देणे म्हणून मांडली होती. आणि त्याखाली बारीक अक्षरात तीन ओळी होत्या : ‘वय १८ असता १० सांगितले. घेणाऱ्याने तोंड उघडून पाहिले नाही. आपल्यावर भरवसा ठेवला.’

ती घोडी मला आठवते. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. तांबूस अंगाची, कपाळावर चांदणी असलेली. तिला आम्ही मुले ‘लाडी’ म्हणत असू. गुळाचा खडा तळहातावर धरला की ती ओठांनी इतक्या हळुवार उचलून घेई की हाताला नुसती ऊब जाणवे. एके दिवशी गोठा रिकामा दिसला. ‘लाडी मामाच्या गावाला गेली,’ असे आजीने सांगितले. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही.

ज्यांनी पेठ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, गुजरातच्या धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट उतरून गेल्यावर हे तालुक्याचे गाव लागते. पूर्वी हे छोटे संस्थान होते. येथील भगवंतराव राजांना १८५७ च्या उठावात इंग्रजांनी फाशी दिले. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजाची ही भूमी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच डोंगरपाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना कोसभर चालावे लागते. राज्यात पहिली एस.टी. १९४८ साली पुण्याहून नगरला धावली, पण आमच्या भागातील आठवडे बाजारांना गाडी मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. तोवर करंजाळी, हरसूल असे बाजार करायचे ते घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लादून. आमच्या घराचे दोन पिढ्यांचे पोट त्या पाठीवर भरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग गाड्या आल्या. घोडी म्हातारी झाली. त्याच वर्षी आत्याचे लग्न होते. पुढचा तर्क मी वहीवरून आणि वडिलांच्या तुटक बोलण्यावरून बांधला आहे. पेठच्या किंवा नाशिकच्या बाजारात घोडी विकणे शक्य नव्हते, कारण तेथे तिचे वय सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून आजोबा तिला घेऊन वणी, सटाणा, साक्री करीत पायी खानदेशात गेले. इतक्या लांब जाण्याचे कारण चांगला भाव हे नव्हते, तर अनोळखी गिऱ्हाईक हे होते. ज्या माणसाच्या तराजूवर तालुका डोळे मिटून विश्वास ठेवी, त्या माणसाने एवढे अंतर कापले ते एक खोटे बोलण्यासाठी.

हे खाते कदाचित पेटीतच राहिले असते. परंतु गेल्या दिवाळीत माझा पुतण्या नाशिकला माझ्याकडे आला. वय चौतीस, पेठचे दुकान आता तोच पाहतो. चहा झाल्यावर संकोचाने म्हणाला, ‘‘काका, तुमच्याकडे एक मागणे आहे. मला घोडी घ्यायची आहे. मारवाडी, चांगल्या रक्ताची. हिवाळ्यात ठिकठिकाणी स्पर्धा असतात, त्यांत उतरवीन. लग्नसराईत वरातीलाही लोक चांगले पैसे देतात. चार लाख कमी पडतात.’’

मी विचारले, ‘‘घोडी कुठून घेणार?’’

तो म्हणाला, ‘‘सारंगखेड्याहून.’’

त्याला वहीतले काहीच ठाऊक नव्हते. मी एवढेच म्हणालो, ‘‘पैशांचे मग पाहू. आधी दोघे मिळून यात्रा पाहून येऊ.’’ तिथी मात्र मी मुद्दाम निवडली. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला होती आणि मार्गशीर्ष वद्य द्वितीया १७ डिसेंबरला, मंगळवारी.

तापीच्या दिशेने

पेठहून आम्ही भल्या पहाटे निघालो. सावळघाटात धुके इतके दाट होते की गाडीचे दिवे लावूनही चार हातांपलीकडचे दिसेना. नाशिक ओलांडल्यावर मुंबई-आग्रा महामार्ग लागला. चांदवडला डोंगराच्या कुशीतला होळकरांचा रंगमहाल, मग मालेगाव, मग धुळे. धुळ्यापुढे सोनगीर येते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव नावाजलेले. तेथून दोंडाईचाकडे वळलो की महामार्गाची गर्दी मागे पडते आणि कापसाची रानेच राने दिसू लागतात.

वाटेत चिमठाणे लागले तेव्हा मी पुतण्याला गाडी हळू घ्यायला सांगितली. १४ एप्रिल १९४४ रोजी याच परिसरात क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये स्वातंत्र्यलढ्यासाठी नेले. त्यांत सातारच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. जन्मभर रोकड सांभाळलेल्या माणसाला ही हकिकत ऐकताना अंगावर काटा येतो, मग तो बँकवाला असूनही त्याचे मन लुटणाऱ्यांच्या बाजूने असते. पुतण्या हसला. त्याला ही गोष्ट नवीन होती.

दोंडाईचा म्हणजे मिरचीची पेठ. गाडीच्या काचा बंद असूनही हवेतला तिखटपणा नाकाला जाणवतो. पुढे थोड्या अंतरावर तापीचा लांबलचक पूल आला. खाली बंधाऱ्याने अडवलेले विस्तीर्ण पाणी आणि पैलतीरावर सारंगखेडा. पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा शहादा तालुक्यासह ते तिकडे गेले. पुलावरूनच तंबूंची पांढरी रांग दिसली आणि खिडकी उघडताच खिंकाळण्याचा आवाज कानी आला. माझ्या मनात एकच विचार होता. आजोबा आले तेव्हा येथे काय असेल? नदी कशी ओलांडली असेल त्यांनी? पाण्यात पाऊल टाकताना ती म्हातारी घोडी बुजली असेल का?

घोड्यांचे गाव

सारंगखेड्याचे दैवत एकमुखी दत्त. दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घोडेबाजार भरतो. अलीकडच्या वर्षांत त्याला ‘चेतक महोत्सव’ असे नाव मिळाले आहे. १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईतील महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून हे नाव आले, हे सांगायला नकोच. या प्रतापांना पडत्या काळात आपले धन देणारे भामाशाह हे जैन होते, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते.

हिवाळ्यातच हे मेळे का भरतात, याची कारणे साधी आहेत. खरिपाचा माल घरात आलेला असतो, शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळत असतो, रस्ते कोरडे असतात आणि थंड हवेत जनावराला लांबचा प्रवास सोसतो. राजस्थानात पुष्करचा मेळा कार्तिकात होतो, मार्गशीर्षात सारंगखेडा येते, त्यापाठोपाठ नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडेवाल्यांचे वर्ष या तिथींनी बांधलेले असते. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यतींचा हंगामही याच दिवसांत असतो, आणि तिकडे स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झ येथे गोठलेल्या तलावाच्या बर्फावर फेब्रुवारीत घोडे धावतात. थंडी आणि घोडा यांचे नाते सर्वत्रच दिसते.

बाजारात शिरलो तेव्हा ऊन वर आले होते. दावणीला ओळीने उभे असलेले घोडे, पाठीवर रंगीत झुली, पायाशी हरभऱ्याचा भुसा, आणि भोवती अहिराणी, गुजराती, मारवाडी, पंजाबी, हिंदी अशा साऱ्या बोलींची सरमिसळ. ‘‘कसा शे भाऊ?’’ असे म्हणत खानदेशी शेतकरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकीत होते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आतल्या बाजूस वळलेले. मारवाडीच्या कानांची टोके तर एकमेकांना टेकतात, जणू नमस्कारासाठी जोडलेले हात. उंची येथे इंचांत सांगतात. कोणी ‘६२ इंच’ म्हणाले की भोवतालच्या माना डोलतात. रंगांची नावे तर ऐकत राहावीत अशी. पांढरा तो नुकरा, काळा तो मुश्की, ठिपक्यांचा अबलख, तांबूस तो कुमैत. आमची लाडी कुमैत होती, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी समजले.

लक्षणांचे शास्त्र याहून गहन. अंगावरचे केसांचे भोवरे पाहून घोडा शुभ की अशुभ हे ठरते. गळ्याखालच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात आणि तो असला की किंमत चढते. चारही पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तो ‘पंचकल्याणी’. हा शब्द ऐकताच मी चमकून वळलो. आपल्याकडे पंचकल्याणक म्हटले की च्यवनापासून निर्वाणापर्यंतचे पाच मंगल प्रसंग डोळ्यांपुढे येतात. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछनही अश्वच. मंदिरात ते चिन्ह आपण रोज पाहतो, पण त्यामागच्या जिवंत प्राण्याच्या डोळ्यांत किती जणांनी निरखून पाहिले असेल?

दुपारी स्पर्धा पाहिल्या. रेवाल चालीत घोडा वेगाने जातो, पण स्वाराचे अंग हलत नाही. जाणकार सांगतात, उत्तम रेवाल घोड्यावर पाण्याने भरलेला पेला धरून बसले तरी थेंब सांडू नये. सौंदर्य स्पर्धेत मान, कान, पाठ, चाल यांची बारकाईने पाहणी होते. ते सारे देखणे होते, हे मान्य केले पाहिजे. नृत्याच्या स्पर्धेत मात्र ढोल-ताशांच्या गजरात मागच्या दोन पायांवर उभ्या केलेल्या घोड्याच्या तोंडाकडे माझे लक्ष गेले. लगामाच्या लोखंडापाशी फेस जमला होता. शेजारचे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. पुतण्याही वाजवीत होता. मग त्यानेही तिकडे पाहिले आणि त्याचे हात थांबले.

दातांची साक्ष

आम्हाला हवी होती तशी घोडी चारच्या सुमारास सापडली. कुमैत रंग, कपाळावर चांदणी. मला क्षणभर बोलवेना. मालक मध्यम वयाचा, बोलण्यात आदब असलेला गृहस्थ होता. वय पाच वर्षे, किंमत साडेपाच लाख. घासाघीस होऊन तो साडेचारपर्यंत येईल असे दिसत होते.

आमच्याबरोबर पुतण्याच्या ओळखीचे, पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. त्यांनी घोडीच्या तोंडाशी हळुवारपणे हात नेऊन ओठ वर केला आणि आम्हाला समजावून सांगितले. घोड्याचे दुधाचे दात क्रमाने पडतात आणि पाचव्या वर्षी समोरचे सारे दात कायमचे होतात. पुढे चावण्याच्या पृष्ठभागावरचे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती वर्षागणिक खाली सरकते आणि विसाव्या वर्षापर्यंत दाताच्या टोकाला पोहोचते.

‘‘म्हणजे अठरा वर्षांची घोडी दहाची म्हणून विकता येणार नाही?’’ मी विचारले.

‘‘तोंड उघडून पाहिले तर नाहीच,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पाहिलेच नाही, तर मात्र विकता येते.’’

मी मान फिरवली. साठ वर्षांपूर्वी, याच तिथीला, याच नदीकाठी कोणी एका शेतकऱ्याने धोतर-टोपीतल्या एका शांत वाण्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि घोडीचे तोंड उघडले नाही. तिची खाच जवळजवळ टोकाला पोहोचली असणार. त्या माणसाला ते कधी कळले? कळल्यावर त्याने घोडीचे काय केले? या प्रश्नाला वहीत उत्तर नाही.

घोडी खरोखर पाच वर्षांचीच निघाली. मालक खरे बोलत होता. डॉक्टरांनी ग्लँडर्स रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला मागितला. हा रोग घोड्यापासून माणसालाही होऊ शकतो, म्हणून ती तपासणी टाळू नये. तोही कागद होता. सगळे व्यवहारशुद्ध होते. मी उगाचच मालकाला विचारले, ‘‘हिची आई कुठे आहे?’’

तो म्हणाला, ‘‘बाबूजी, तीन वर्षांपूर्वी विकली. वय झाले होते. पुढे कुठे गेली ते नाही सांगता येणार.’’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘‘आम्ही न विकता ठेवायच्या म्हटल्या तर चार वर्षांत आम्हालाच घर विकावे लागेल. तुमच्यासारखे लोक वरातीला घोडी मागतात, तोवर आमची चूल पेटते. उद्या मागणार नाहीत, तर घोडी तरी कशी राहणार?’’

त्याचे म्हणणे खोटे ठरवता येण्याजोगे नव्हते. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती साधारण ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. ज्या भीमथडी तट्टांनी मराठ्यांचा इतिहास घडवला, त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती अगदी अलीकडे, तीही संख्या थोडी उरल्यावर. केवळ ‘घोडा वापरू नका’ असे म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. वापरणाऱ्याची दया आणि पाळणाऱ्याचे पोट यांची सांगड कशी घालायची, हा खरा प्रश्न आहे. आमच्या बँकेच्या दिवसांत, १९८० नंतर, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली मी दुभत्या जनावरांची कितीतरी कर्जे मंजूर केली. अर्जात जनावराचे वय, दूध, विमा, कानातला बिल्ला, सारे रकाने होते. जनावर म्हातारे झाल्यावर त्याचे काय, हा रकाना मात्र नव्हता आणि तो असावा असे मलाही कधी सुचले नाही.

एक अट

सूर्यास्तापूर्वी आम्ही गाडीतच डबा उघडला. थेपले आणि कोरडी चटणी. जेवण झाल्यावर मी पिशवीतून ती वही काढली आणि पुतण्यापुढे ठेवली.

त्याने ते पान दोनदा वाचले. मग मी त्याला पुढची पाने दाखवली. १९६५ पासून दरवर्षी मार्गशीर्षात त्या खात्यावर एकच नोंद होती, ‘पांजरापोळ, चाऱ्यासाठी, रुपये १०’. अशा चौदा नोंदी. १९७८ साली १४० रुपये पुरे झाले आणि शिल्लक शून्य झाली. हिशेबाच्या रीतीप्रमाणे तेथे दुहेरी रेघ मारून खाते बंद करायला हवे होते. आजोबांसारख्या काटेकोर माणसाने ती रेघ मारली नाही. पान तसेच मोकळे सोडले.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला आजोबांचा उपवास असे. का, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि आजीही विचारीत नसे. १९७८ च्या डिसेंबरात मी कॉलेजातून घरी आलो होतो. पैसे फिटले होते, हे आज वहीवरून कळते. पण त्या दिवशीही ते जेवले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘काका, म्हणजे तुम्ही मला पैसे देणार नाही?’’

‘‘देणार,’’ मी म्हणालो. ‘‘व्याजही नको. एकच अट आहे. घोडी म्हातारी झाली म्हणून विकायची नाही. ती जाईपर्यंत तिला सांभाळायचे.’’

त्याने झटकन ‘हो’ म्हणावे असे मला वाटत नव्हते आणि तो म्हणालाही नाही. आम्ही दोघांनी मोबाईलच्या उजेडात एका कागदावर आकडे मांडले. चारशे किलोच्या घोडीला दिवसाला आठ किलोच्या आसपास कोरडा चारा, वर दाणा, पाणी किमान तीस लिटर. दर दीड महिन्याला नाल आणि खुरांची निगा. मारवाडी घोडा वाळवंटातला, त्याचे खूर कोरड्या जमिनीसाठी घडलेले. पेठच्या चार महिन्यांच्या चिखलात ते कुजणार नाहीत अशी फरशीची पागा बांधावी लागेल. उन्हाळ्यात टँकर येतो त्या तालुक्यात रोज तीस लिटर पाणी कोणाच्या हंड्यातून घ्यायचे? आणि शेवटचा आकडा आयुष्याचा. नीट सांभाळला तर घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. आज पाच वर्षांची घोडी घेतली तर जबाबदारी आणखी वीस-पंचवीस वर्षांची. मी तोवर असणार नाही. पुतण्या साठीला टेकलेला असेल.

‘‘रात्रभर विचार करतो,’’ तो म्हणाला.

सकाळी नदीकाठी गार वारा सुटला होता. घोडे पाण्यावर आणले होते. तापीत गुडघाभर उभे राहून ते पाणी पीत होते आणि त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. ती कुमैत घोडीही त्यांत होती. पुतण्या तिच्याकडे पाहत म्हणाला, ‘‘काका, घोडी मला फार आवडली. पण पंचवीस वर्षांचा शब्द मला आज देता येत नाही. स्पर्धा दोन वर्षे करीन, हौस फिटेल, मग मीही तिला कुठेतरी लांब नेऊन विकीन. मला माहीत आहे ना माझे.’’

बँकेत असताना अनेकांनी माझ्यासमोर बसून परतफेडीची हमी दिली. त्यांतल्या कित्येकांना ती देताना खाली पाहावे लागत होते. हा मुलगा मात्र सरळ माझ्याकडे पाहून ‘देता येत नाही’ म्हणाला. त्याक्षणी मला त्याचा जो अभिमान वाटला, तो घोडी जिंकून आणलेल्या ढालीने वाटला नसता. आम्ही मालकाकडे जाऊन नम्रपणे नाही सांगितले. त्याने राग मानला नाही. ‘‘पुढच्या दत्तजयंतीला या,’’ एवढेच म्हणाला.

परतताना वाट थोडी वाकडी करून साक्री तालुक्यातील बळसाणे येथे विमलनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. गावात प्राचीन दगडी मंदिरेही आहेत आणि ती अवश्य पाहावीत. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर पायरीवर बसून मी वही उघडली आणि शून्य शिल्लक राहिलेल्या त्या पानावर, शेहेचाळीस वर्षांनंतरची पहिली ओळ लिहिली : ‘मार्गशीर्ष वद्य २, सारंगखेडा. घोडी पाहिली. घेतली नाही. शब्द देता आला नाही.’ पुतण्याने खाली सही केली. रेघ आम्हीही मारली नाही.

आता तो दर रविवारी नाशिकला एका घोडेवाल्याकडे जातो. शेण काढतो, खरारा करतो, खूर साफ करायला शिकतो. स्वारी अजून त्याला मिळालेली नाही. परवा फोनवर म्हणाला, ‘‘काका, तिथे एक म्हातारा घोडा आहे. त्याच्या दातावरची खाच अगदी टोकाला आली आहे. मी त्याला गूळ दिला.’’

वाचकांपैकी कोणाला सारंगखेड्याला जायचे असेल तर दत्तजयंतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात जावे. पहाटे नदीवर घोडे पाण्याला येतात, ते दृश्य चुकवू नये. सोबत मुलांना न्यावे. आणि घरच्या लग्नात किंवा वरघोड्यात घोडी ठरवताना भाड्याच्या रकमेबरोबर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : तिने आज पाणी केव्हा प्यायले आणि तिचे वय किती आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून घ्यावे, आणि जमल्यास तोंड उघडूनही पाहावे.